इंग्लिश खाडीवरचा उडता पूल

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट परगण्यात, रॉम्नी मार्श नावाचा एक सखल प्रदेश पसरलेला आहे. समुद्राच्या तावडीतून शतकानुशतके थोडी थोडी करून मिळवलेली ही जमीन. जागोजाग पाण्याचे चर, त्यांच्या कडेने डोलणारी लव्हाळी, कुरणांत संथपणे चरणाऱ्या मेंढ्या आणि या सर्वांवर ओणवलेले अफाट आकाश. दक्षिणेकडे डंजनेसचे भूशिर समुद्रात घुसले आहे. तिथे माती जवळजवळ नाहीच. पाऊल टाकावे तिथे गोलसर गोटे करकरतात. दीपगृह, अणुविद्युत केंद्राच्या अवाढव्य इमारती आणि कोळ्यांच्या लाकडी झोपड्या एकाच नजरेत मावतात. या टोकापर्यंत एक छोटी आगगाडी येते. तिच्या रुळांमधले अंतर अवघे १५ इंच आहे. माथेरानच्या गाडीचे रूळही २ फूट रुंदीचे. यावरून तिच्या लहानपणाची कल्पना यावी.

याच प्रदेशात लिड नावाचे जुने गाव आहे आणि गावाबाहेर एक विमानतळ आहे. आज तिथे शांतता असते. एखादे खासगी विमान उतरते, शिकाऊ वैमानिक घिरट्या घालतात, एवढीच काय ती जाग. परंतु १९५० च्या दशकात, उन्हाळ्याच्या सुटीत, याच धावपट्टीवर दिवसाला शंभराहून अधिक विमानांची ये-जा होत असे. ही विमाने प्रवाशांबरोबर त्यांच्या मोटारीही वाहून नेत. खाडीच्या पलीकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावर मोटारीसह उतरावे आणि तिथूनच पॅरिसकडे किंवा आल्प्स पर्वताकडे चालते व्हावे, ही त्या काळची मोठी अपूर्वाई होती.

क्रेनने उचललेल्या मोटारी

इंग्लंड आणि फ्रान्स यांमधील खाडी डोव्हरपाशी जेमतेम २१ मैल रुंद आहे. पण मोटार असलेल्या माणसाला हे २१ मैल फार जड जात. कोकणातील खाड्यांवर जंगार ज्याने पाहिला आहे, त्याला मोटार सरळ बोटीवर चढवणे ही मामुली गोष्ट वाटेल. डोव्हरच्या बंदरात मात्र दीर्घकाळ तशी सोय नव्हती. बहुतेक मोटारी जाळ्यात किंवा फळीवर ठेवून क्रेनने उचलल्या जात आणि जहाजाच्या पोटात सोडल्या जात. मालक धक्क्यावर उभा राहून, हवेत लोंबकळणारी आपली मोटार श्वास रोखून पाहत असे. एकेक मोटार चढवायची, एकेक उतरवायची. त्यात दिवसाचा मोठा भाग खर्ची पडे. मोटारी थेट चाकांवर चढवता-उतरवता येतील असे धक्के डोव्हरच्या पूर्व गोदीत १९५३ मध्ये सुरू झाले.

त्याआधीच, जुलै १९४८ मध्ये, सिल्व्हर सिटी एअरवेज या कंपनीने वेगळी वाट शोधली होती. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल या खाणगावाला चांदीची नगरी म्हणत. त्यावरून कंपनीला हे नाव मिळाले, कारण तिच्या स्थापनेमागे खाण उद्योगाचे भांडवल होते. भारताशीही तिचा एक हृदयद्रावक संबंध आला. १९४७ मध्ये फाळणीच्या दिवसांत, भारत आणि पाकिस्तान यांच्या दरम्यान निर्वासितांची ने-आण करण्याच्या कामात तिच्या विमानांनी भाग घेतला होता. घरदार सोडून आलेली माणसे वाहणाऱ्या या कंपनीने वर्षभरातच सुटीवर निघालेल्या कुटुंबांच्या मोटारी वाहायला सुरुवात केली.

त्यासाठी निवडलेले विमान होते ब्रिस्टल फ्रेटर. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलातील ओबडधोबड धावपट्ट्यांवर सैन्याच्या मालमोटारी उतरवता याव्यात, या हेतूने त्याचा आराखडा आखला गेला. पण १९४५ च्या डिसेंबरात ते पहिल्यांदा उडाले, तेव्हा युद्ध संपले होते. युद्धासाठी जन्मलेले हे विमान शांततेच्या कामाला आले. दिसायला ते मुळीच देखणे नव्हते. फुगीर नाक, जाड पंख, दोन इंजिने आणि उड्डाणातही आत न ओढली जाणारी चाके. परंतु त्याचे नाक मधोमध दुभंगून दाराच्या दोन फळ्यांसारखे उघडत असे आणि पोट जमिनीपासून फार उंच नसे. एक उतरण लावली की मोटार सरळ आत जाई. सुरुवातीच्या विमानात दोन मोटारी मावत; पुढे नाक लांबवलेल्या विमानात तीन मावू लागल्या. मागच्या बाजूला छोट्या दालनात त्या मोटारींचे मालक आणि त्यांचे कुटुंबीय बसत.

वीस मिनिटांचा प्रवास

आरंभी ही सेवा केंटमधीलच लिम्प्न या गवती विमानतळावरून चाले. पावसाळी दिवसांत तिथले मैदान पाण्याने भरून जाई आणि विमाने अडून पडत. म्हणून कंपनीने लिड येथे स्वतःचा विमानतळ बांधला. १९५४ मध्ये तो सुरू झाला आणि त्याला ‘फेरीफील्ड’ असे नाव देण्यात आले. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पूर्णपणे नव्याने बांधलेला हा पहिला विमानतळ होता.

तिथल्या प्रवासाची रीत आजच्या विमानप्रवाशाला नवलाची वाटेल. कुटुंब स्वतःच्या मोटारीतून विमानतळावर येई. कागदपत्रे आणि सीमाशुल्क यांची तपासणी होई. मग मोटारीची किल्ली कंपनीच्या माणसाकडे द्यायची. तो मोटार सावकाश उतरणीवरून वर चढवी, आत नेमक्या जागी उभी करी आणि चाके पट्ट्यांनी जखडून टाकी. किती वजनाची मोटार कुठे उभी करायची हे आधीच ठरलेले असे, कारण विमानाचा तोल त्यावरच अवलंबून होता. हे सारे मालकाच्या डोळ्यांदेखत चाले. दालनातल्या मुलांना आपली मोटार विमानाने ‘गिळलेली’ पाहण्याचे केवढे आकर्षण असेल! सायकली आणि मोटारसायकलीही अशाच जात. नाकाची दारे मिटली की दोन्ही इंजिने धडधडू लागत आणि थोड्याच वेळात खाली मेंढ्यांची कुरणे मागे पडून करडे पाणी दिसू लागे.

लिडपासून फ्रान्समधील ल तुके हे अंतर चाळीस-पंचेचाळीस मैलांचे. विमान फार उंच जात नसे. खालची जहाजे, त्यांच्यामागे उमटणारी पांढरी रेघ, सारे स्पष्ट दिसे. वीस मिनिटांत पलीकडचा वाळूचा किनारा आणि पाइन वृक्षांची राई नजरेस पडे. ल तुके हे हौशी श्रीमंतांचे समुद्रकाठचे विश्रामगाव होते. विमान थांबले, नाक उघडले, मोटार बाहेर आली, किल्ली हाती आली की प्रवासी निघाला. फक्त एक लक्षात ठेवायचे, आता रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे!

लिडच्या विमानतळाजवळ, डेंजच्या खडीच्या पठारावर, काँक्रीटचे तीन प्रचंड ‘कान’ उभे आहेत. १९२८ ते १९३० या काळात ते बांधले गेले. दोन बशीसारखे वाटोळे आहेत आणि तिसरा म्हणजे २०० फूट लांबीची वक्राकार भिंत. समुद्रापलीकडून येणाऱ्या शत्रूच्या विमानांचा आवाज दुरूनच ऐकू यावा, हा त्यांचा उद्देश होता. पुढे रडार आले आणि हे कान निरुपयोगी ठरले. ज्यांनी शत्रूची चाहूल घ्यावी, त्यांच्या शेजारून आता सहलीची विमाने घरघरत जाऊ लागली. त्या विमानांच्याही वाट्याला एके दिवशी हेच प्राक्तन यायचे होते, पण त्याला अजून अवकाश होता.

साउथएंडचे उंच कपाळाचे विमान

लिडपासून उत्तरेकडे, टेम्स नदीच्या मुखाच्या पलीकडच्या तीरावर, साउथएंड हे शहर आहे. लंडनच्या कष्टकरी लोकांचे ते समुद्रकाठचे ठिकाण, आणि सव्वा मैलाहून लांब अशा तिथल्या धक्क्यासाठी ते प्रसिद्ध आहे. येथील विमानतळावरून १९५५ पासून कॅलेकडे मोटारवाहू विमाने जाऊ लागली. या सेवेचे नाव पुढे ‘चॅनल एअर ब्रिज’, म्हणजे खाडीवरचा हवाई पूल, असे पडले. तिच्यामागे एक धडाडीचा माणूस होता, फ्रेडी लेकर. विमानाचे सुटे भाग, जुनी विमाने, दुरुस्तीची कामे यांतून त्यांनी आपला व्यवसाय उभारला होता. साउथएंडला त्यांची एव्हिएशन ट्रेडर्स ही कार्यशाळा होती. या कार्यशाळेने ‘अकाउंटंट’ नावाचे एक नवे प्रवासी विमान तयार केले होते. १९५७ मध्ये ते उडालेही, पण त्याला ग्राहक मिळाले नाहीत. कुशल कारागीर हाताशी होते, काम मात्र हवे होते.

त्याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. ब्रिस्टल फ्रेटर विमाने जुनी होत चालली होती आणि मोटारी लांबीने वाढत होत्या; तीन मोटारींच्या जागेत कधी दोनच मावत. दुसरीकडे जेट विमाने येऊ लागल्यामुळे पंख्यांची चार इंजिनी विमाने स्वस्तात विकली जात होती. त्यांपैकी डग्लस कंपनीचे डीसी-४, म्हणजेच स्कायमास्टर, लेकर यांच्या नजरेत भरले. या जातीची बाराशेहून अधिक विमाने बनली होती. त्यांनी युद्धात सैन्य वाहिले होते. १९४८-४९ मध्ये वेढ्यात सापडलेल्या बर्लिन शहराला कोळसा आणि पीठ पुरवण्याच्या कामात अमेरिकेचा मोठा भार त्यांनीच उचलला होता. आपल्याकडेही स्कायमास्टर अपरिचित नव्हते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपाल-विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि पिशव्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परतत. त्या सेवेत इंडियन एअरलाइन्सने स्कायमास्टर वापरली होती.

स्कायमास्टरचा एक गुण येथे निर्णायक ठरला. त्याच्या अंतर्भागात हवेचा दाब कृत्रिम रीतीने वाढवलेला नसे. त्यामुळे त्याचे नाक कापून दुसरे बसवणे तुलनेने सोपे होते. लेकर यांच्या कार्यशाळेत पंखांच्या पुढचा भाग काढून टाकण्यात आला आणि त्या जागी सुमारे ९ फूट अधिक लांबीचे नवे नाक जोडले गेले. ते बाजूला वळून दारासारखे उघडे. मोटारींचा मार्ग मोकळा राहावा म्हणून वैमानिकांची खोली उचलून थेट छतावर नेली. पुढचे चाक आत घेण्यासाठी खाली एक फुगवटा ठेवावा लागला, आणि पुढचा भाग वाढला म्हणून शेपटीची उभी पातीही उंच करावी लागली. अशा रीतीने ‘कार्व्हेअर’ तयार झाले. हवेतून मोटार, अशा अर्थाचे शब्द जोडून ते नाव बनवले होते. २१ जून १९६१ रोजी पहिल्या कार्व्हेअरने साउथएंडहून उड्डाण केले. त्यात पाच मोटारी आणि वीस-बावीस प्रवासी जाऊ शकत.

या विमानाचे छायाचित्र प्रथमच पाहणारा माणूस बहुधा म्हणतो, हे तर लहान जंबो जेट! उंच कपाळ, वर बसवलेली वैमानिकांची खोली, खाली मोकळे नाक. पण जंबो जेट उडाले १९६९ मध्ये, कार्व्हेअर त्याआधी आठ वर्षे. नाकाकडून माल भरायचा असेल तर वैमानिकाला वर बसवावे लागते. एकाच अडचणीतून दोन ठिकाणी सारखेच उत्तर निघाले. फरक एवढाच की एकासाठी प्रचंड कारखाना उभारला गेला आणि दुसरे जुन्या विमानांना ठिगळ लावून घडले.

कार्व्हेअरचे पोट जमिनीपासून बरेच उंच असल्यामुळे तिथे साधी उतरण पुरत नसे. खास उचलयंत्रावर मोटार उभी करायची, ते दाराच्या उंचीपर्यंत न्यायचे आणि मग मोटार आत ढकलायची, अशी पद्धत होती. चित्रपट पाहणाऱ्यांना हे दृश्य ठाऊक असण्याचा संभव आहे. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटात खलनायकाची पिवळी-काळी रोल्स रॉइस साउथएंडला अशाच एका कार्व्हेअरमध्ये चढते आणि जिनिव्हाला जाते. ती केवळ चित्रपटातली कल्पना नव्हती. रॉटरडॅम, ऑस्टेंड आणि कॅले यांच्याबरोबरच स्ट्रासबुर्ग, बाझेल, जिनिव्हा अशा दूरच्या ठिकाणीही मोटारी नेण्याचा प्रयत्न खरोखर झाला. १९६३ च्या आरंभी सिल्व्हर सिटी आणि चॅनल एअर ब्रिज या जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे एकत्रीकरण होऊन ब्रिटिश युनायटेड एअर फेरीज ही कंपनी बनली. लिड आणि साउथएंड आता एकाच घरची झाली.

पूल ओसरू लागला

एकूण २१ कार्व्हेअर तयार झाली. आयर्लंडच्या एर लिंगसने घेतलेल्या विमानांतून मोटारींबरोबर शर्यतीचे घोडेही गेले. तीन विमाने ऑस्ट्रेलियाला गेली. परंतु ज्या कामासाठी ही विमाने घडवली, ते कामच हळूहळू त्यांच्या हातून निसटत होते.

कारणे साधी होती. पाच मोटारींसाठी चार इंजिने चालवायची, वैमानिक आणि कारागीर पोसायचे; समुद्रावर मात्र नवी जहाजे एका खेपेत शंभरावर मोटारी पोटात घेऊ लागली. मोटार स्वतःच चढते, स्वतःच उतरते. क्रेनचा त्रास इतिहासजमा झाला होता. १९६६ मध्ये ब्रिटिश सरकारने परदेशी सहलीसाठी दरडोई ५० पौंडांचीच मर्यादा घातली, त्याने सुटीच्या प्रवासाला खीळ बसली. १९६८ मध्ये डोव्हरहून पाण्यावर हवेच्या गादीवर तरंगणारे प्रचंड हॉवरक्राफ्ट सुरू झाले. ते ३० मोटारी आणि अडीचशे प्रवासी घेऊन अर्ध्या-पाऊण तासात पलीकडे पोहोचत असे. विमानाचा वेग हाच ज्या सेवेचा प्राण, तिला आता वेगाचाही फारसा आधार उरला नाही.

या धंद्यात धोकाही होताच. १९६२ च्या डिसेंबरात एक कार्व्हेअर रॉटरडॅमजवळ उतरताना कोसळले आणि त्यात वैमानिकाचा मृत्यू झाला. तरीही इतक्या खेपा, इतक्या अल्प अंतराची इतकी चढउतार, खाडीवरचे धुके आणि वारा यांचा विचार करता, ही सेवा चालवणाऱ्या वैमानिकांचे आणि धावपट्टीवरच्या कामगारांचे कष्ट आदराने आठवावे असेच होते. उन्हाळ्याच्या ऐन गर्दीत एकच वैमानिक दिवसातून अनेक वेळा खाडी ओलांडत असे. त्याचे नाव कोणाला ठाऊक नसे. प्रवाशांच्या लक्षात राही ती आपली मोटार आणि आपली सुटी.

१९७० च्या सुमारास लिडची मोटारवाहतूक आटोपली. साउथएंडहून कार्व्हेअर आणखी काही वर्षे उडत राहिली. १९७७ साल उजाडताना तीही सेवा संपली. योगायोग असा की, ज्या फ्रेडी लेकर यांनी ती घडवली, त्यांचे स्वस्त विमानप्रवासाचे ‘स्कायट्रेन’ त्याच वर्षी लंडन आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान सुरू झाले. मोटारवाल्या मोजक्या माणसांना खाडीपार नेणारा माणूस आता सामान्यांना महासागरापार नेऊ पाहत होता. १९९४ मध्ये समुद्रतळाखालचा बोगदा सुरू झाला आणि मोटारी आगगाडीत बसून खाडी पार करू लागल्या.

जे उरले आहे

कार्व्हेअर विमानांचे पुढचे आयुष्य जगभर विखुरले गेले. काही आफ्रिकेत मदतीचे धान्य वाहत राहिली, काही अमेरिकेत इंधनाची पिंपे. त्यांपैकी एक २००७ मध्ये अलास्कातील खाणीच्या धावपट्टीवर उतरताना मोडले. ब्रिस्टल फ्रेटरचे नशीब थोडे बरे. त्याच्या जन्मगावी, ब्रिस्टलच्या संग्रहालयात, २०१८ मध्ये एक फ्रेटर न्यूझीलंडहून जहाजाने परत आणले गेले. ज्या विमानाने आयुष्यभर दुसऱ्यांचे ओझे वाहिले, ते अखेरीस स्वतः ओझे होऊन बोटीतून घरी आले.

ल तुकेचा विमानतळ अजून वापरात आहे. २०२३ मध्ये त्याला राणी एलिझाबेथ दुसरी यांचे नाव देण्याचे ठरले. साउथएंडहून जेट विमाने युरोपात सहलीला जातात. लिडच्या धावपट्टीच्या कडेने अजून मेंढ्या चरतात आणि डेंजचे काँक्रीटचे कान समुद्राकडे तोंड करून उभे आहेत. या भागात सहलीला जाणाऱ्याने छोट्या आगगाडीने डंजनेस गाठावे, दीपगृहावर चढावे आणि तिथून लिडच्या बाजूला एकदा पाहावे. पाहण्यासारखे फारसे काही दिसणार नाही. मात्र स्वच्छ दिवशी समुद्रापलीकडे फ्रान्सच्या किनाऱ्याची पुसट रेघ उमटते, आणि ही सारी खटपट किती थोड्या अंतरासाठी चालली होती ते ध्यानात येते.

युद्धासाठी आखलेले एक विमान आणि मोडीत निघालेले दुसरे, या दोघांनी मिळून सुमारे ३० वर्षे दोन देशांच्या मधली फट भरून काढली. कोणी त्यांना सुंदर म्हटले नाही, त्यांच्यावर मोठा नफाही झाला नाही. परंतु ज्यांनी लहानपणी आईवडिलांच्या मोटारीसह ती खाडी ओलांडली, त्यांपैकी अनेक जण वृद्धापकाळीही त्या वीस मिनिटांबद्दल जिव्हाळ्याने बोलतात. दूरचा प्रवास त्यांनी पुढे पुष्कळ केला असेल. पण ज्या विमानाच्या दारापर्यंत स्वतःच्या मोटारीतून जाता येत होते आणि ज्याच्या पोटातून तीच मोटार परक्या देशाच्या रस्त्यावर उतरत होती, तसे विमान त्यांना पुन्हा भेटले नाही.